आतला रंग

गाडीचा बाहेरचा रंग रस्त्यासाठी असतो आणि आतला रंग घरच्यांसाठी. आजच्या गाड्यांत ही गोष्ट कळत नाही, कारण आत रंग असा फारसा उरलेलाच नाही. चहूकडे प्लास्टिक आणि कापड. जुन्या फियाटमध्ये मात्र आत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर रंगवलेला पत्रा असायचा. समोरचा डॅशबोर्ड पत्र्याचा, खिडक्यांच्या चौकटी पत्र्याच्या, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब पत्र्याचे, स्टिअरिंगचा दांडा लोखंडी. घराच्या भिंतीला वर्षानुवर्षं पाठ टेकून जसा डाग पडतो, तसे डाग या पत्र्यांवरही पडायचे. जिथं कोपर टेकायचं तिथली चकाकी जायची. जिथं अगरबत्ती खोचायची तिथं धुराची काजळी बसायची. लहान मूल पुढच्या सीटवर उभं राहून जिथं हात धरायचं, तिथं बोटांएवढ्या जागेत रंग झिजायचा.

आमच्या घरी अशी एक गाडी आहे. १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट. हे नाव आता बहुतेकांना ठाऊक नसतं. इटलीच्या फियाट कंपनीची ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावानं बनायची. १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून प्रीमियर पद्मिनी. नाव दोनदा बदललं तरी गाडी तीच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि लोकांच्या तोंडी नाव एकच, फियाट. आम्हीही फियाटच म्हणतो. आम्ही राहतो तेही कुर्ल्यात. तेव्हा ही गाडी आमच्याच वस्तीची लेक.

अब्बांनी ती १९८५ मध्ये दादरच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली. रंग बाहेरून आणि आतून एकच, फिका पिस्ता. बाहेरचा रंग अब्बांनी दोनदा काढून घेतला. आतल्या रंगाकडे कुणी पाहिलं नाही. फक्त डॅशबोर्ड तेवढा काळा होता, ब्रशनं फासलेल्या काळ्या ऑइल पेंटचा. बाकी सगळं पिस्ता आणि समोरची पट्टी काळी, हे आम्हा तिघा भावंडांना लहानपणापासून इतकं सवयीचं होतं की आम्हाला तो कंपनीचाच रंग वाटायचा. उन्हात तो काळा पत्रा असा तापायचा की हात लावता यायचा नाही.

२०२० मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. गाडी इमारतीखाली ताडपत्रीत उभी राहिली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी आठवणी काढल्या. ते सगळं वाचून आमच्या धाकट्याला आपल्या ताडपत्रीची आठवण झाली. आपली गाडी खासगी होती, तिला ती मर्यादा लागू नव्हती. शिवाय तिला पन्नास वर्षं पूर्ण झालेली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नोंदणीची फी वीस हजार रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते.

अम्मीनं हे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे महाडला नेता येणार नाही?”

महाड तिचं माहेर. व्हिंटेजचा विचार तिथंच संपला. पण ‘मूळ रूप’ हा शब्द आमच्या डोक्यात राहिला. इंजिन चालू करून घेतलं, ब्रेक बदलले, सीटा शिवून घेतल्या. राहिला आतला रंग. तो मूळ रूपात आणायचा असं आम्ही ठरवलं आणि २०२५ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, गाडी उस्तादांकडे नेली.

उस्ताद म्हणजे सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीतले रंगारी. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात आणि आसपासच्या गल्ल्यांत डेंटिंग-पेंटिंगची कामं चालतात. या धंद्यात आपले लोक खूप. वडिलांकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे हुनर जातं. कागदावर काही नसतं, प्रमाणपत्र नसतं. उस्ताद साठीचे आहेत. शाळेत चौथीपर्यंत गेलेले. त्यांना खोकला आहे, आणि तो कशानं आहे हे त्यांना ठाऊक आहे.

आम्हाला वाटलं होतं, गाडी दिली की ते घासायला घेतील. त्यांनी आधी मीटर काढला. मीटरच्या मागे, जिथं बावन्न वर्षांत ऊन पोचलं नव्हतं, तिथं पिस्ता रंग जसाच्या तसा होता. बाहेरच्या पिस्त्याशी ताडून पाहिला तेव्हा आम्हाला कळलं की आपण ज्याला पिस्ता म्हणत होतो तो उन्हानं पिवळा पडलेला रंग आहे. खरा रंग याहून थंड, थोडा निळसर. उस्तादांनी कापसाच्या बोळ्याला थिनर लावून तिथं चोळला. बोळा पांढराच राहिला.

“भट्टी का रंग है,” ते म्हणाले. “पहले पूछो, फिर घिसो.”

त्याचा अर्थ त्यांनी समजावून सांगितला. रंगाची जात आधी ओळखावी लागते. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लॅकर असेल तर तो थिनरमध्ये पुन्हा विरघळतो आणि बोळ्याला लागतो. भट्टीत तापवून पक्का केलेला इनॅमल विरघळत नाही. ब्रशनं लावलेला साधा ऑइल पेंट थिनर लागताच सुरकुततो आणि उठतो. जात न ओळखता एकावर दुसरा रंग मारला तर खालचा वरच्याला फेकून देतो, आणि पहिल्यापासून सगळं काम करावं लागतं. आमच्यातला जो उर्दू शाळेत शिकवतो त्याला बी.एड.ची पाठटाचणं आठवली. प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांचं पूर्वज्ञान तपासायचं असतं, ते नेमकं हेच. आधी काय आहे ते विचारा, मग त्यावर नवीन चढवा.

गाडीच्या आतलं काम बाहेरच्यापेक्षा कठीण असतं. बाहेर सपाट पत्रा, मोकळी जागा, गन कशीही फिरवा. आत कोपरे, वळणं, अंधार. आमच्या गाडीचा डॅश हा बॉडीचाच भाग, खोलून बाहेर घेता येत नाही. बाहेर पाणी टाकून घासता येतं, त्यामुळे धूळ उडत नाही. आत पाणी टाकलं तर ते तारांमध्ये आणि फरशीच्या पत्र्यात जाऊन बसतं, तिथून गंज सुरू होतो. म्हणून ओल्या फडक्यानं, थोडं थोडं, पुसत पुसत घासायचं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपर्यंतच असावं हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाला. ही गाडी त्याच्या चव्वेचाळीस वर्षं आधीची. तेव्हा कोरडी धूळ उडवायची नाही, लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, आणि हात धुतल्याशिवाय चहाचा ग्लास उचलायचा नाही. हे आम्ही उस्तादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हात मात्र आम्ही सांगितल्यावरच धुतले.

घासण्याआधी धुणं. डॅशबोर्डवर लोक चकाकीसाठी जे पॉलिश मारतात त्यात सिलिकोन असतं. ते नुसत्या कपड्यानं जात नाही. त्यावर रंग मारला की रंग जागोजाग फाटून बारीक खड्डे पडतात. उस्ताद त्यांना ‘मछली की आँख’ म्हणतात. दोन फडकी लागतात. एक थिनरचं ओलं आणि लगेच मागून एक कोरडं. एकाच फडक्यानं पुसलं तर मळ फक्त जागा बदलतो.

काच झाकायला रद्दी हवी होती. गल्लीत उर्दू वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. उस्तादांनी त्याला हात लावला नाही. त्यात कुठं अल्लाहचं नाव असेल, कुठं आयत, त्यावर रंग कसा उडवायचा. त्यांनी पोराला मराठी पेपर आणायला पाठवलं. पेपर आला. पहिल्याच पानावर गणपतीचा फोटो होता. उस्तादांनी ते पान वेगळं काढलं, घडी घालून उर्दू गठ्ठ्यावर ठेवलं आणि जाहिरातींचं पान घेऊन काच झाकली. त्यावर ते काही बोलले नाहीत. आम्हीही काही बोललो नाही.

आता डॅशची काळी पट्टी. थिनरचं फडकं फिरवलं तसा काळा ऑइल पेंट दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. पत्तीनं उचलला की पापुद्रे निघत होते. खाली भट्टीचा पिस्ता जसाच्या तसा. पहिल्यांदा दिसली स्क्रूची दोन भोकं, वीतभर अंतरावर, लांबीनं बुजवलेली. आपा म्हणाली, अब्बा सांगायचे की त्या पारशी गृहस्थांनी तिथं जरथुष्ट्राची छोटी तसबीर लावली होती. गाडी विकताना ती त्यांनी काढून नेली आणि भोकं स्वतः बुजवून दिली.

त्याच्या उजव्या हाताला पिस्ता संपला. तिथं पत्र्यापर्यंत गेलेले ओरखडे होते, तपकिरी गंजानं भरलेले. उस्ताद म्हणाले, “खरोंच है.” धाकट्याला ती पान्यानं लागलेली खूण वाटली. आपाला त्यात इंग्रजी व्ही दिसला. आमच्यातल्या शिक्षकानं तो वाचला. उर्दू आकड्यांतला सात हा वर तोंड केलेला, उघड्या ओंजळीसारखा. आठ तसाच, पण पालथा, छपरासारखा. त्यापुढे सहा. सातशे शहाऐंशी.

आमच्यापैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. घरी आलो आणि अम्मीला विचारलं. ती भाजी निवडत होती. तिनं निवडणं थांबवलं नाही.

गाडी घेतल्यावर वर्षभरात अब्बांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडून डॅशवर ७८६ लिहून घेतलं होतं. पांढरे आकडे, लाल किनार. सात वर्षं ते तिथं होते. जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दुसऱ्यांदा पेटली. डिसेंबरात आपण घरातच थांबलो होतो. या वेळी अब्बा म्हणाले, महाडला जायचं. आपा तेव्हा तीन वर्षांची. मधला अम्मीच्या पोटात. धाकट्याचा पत्ताच नव्हता. निघायच्या आदल्या रात्री अब्बा खाली गेले आणि बॅटरीच्या उजेडात स्क्रूड्रायव्हरनं आकडे खरवडले. घाईत, अंधारात, ते आकड्यांच्या रेषांवरूनच खरवडत गेले. वर शेजाऱ्याकडचा उरलेला काळा रंग फासला. सकाळी निघालो तेव्हा तो वाळला नव्हता. अम्मीच्या ओढणीला लागला. एका नाक्यावर गाडी थांबवली गेली. काही माणसांनी आत डोकावून पाहिलं. समोर काळी पट्टी होती. त्यांनी जाऊ दिलं.

“मग परत कधी लिहून का नाही घेतलं?” आम्ही विचारलं.

“कुणी लिहिलं असतं?” ती म्हणाली. “त्यांच्यानं नाही झालं.”

आम्ही तिघं त्या रात्री गच्चीवर बसलो. पत्र्यावरचं जे पुसायचं होतं तेच अब्बांच्या हातानं पत्र्यात कोरलं गेलं होतं. वरचा रंग असता तर तो कधीतरी उडाला असता, पॉलिशनं निघाला असता. ओरखडा गेला नाही. बत्तीस वर्षं तो काळ्या रंगाखाली होता आणि अब्बा रोज त्याच्यासमोर बसून गाडी चालवत होते. शाळेत सोडताना, ईदला, लग्नाला, हॉस्पिटलला.

आता प्रश्न आला की मूळ रूप म्हणजे कोणतं? कंपनीनं १९७३ मध्ये दिलेलं? मग त्यात पारशी गृहस्थांची तसबीर नाही आणि अब्बांचे आकडेही नाहीत. अब्बांनी १९८६ मध्ये केलेलं? की आम्ही जन्मापासून पाहिलेली काळी पट्टी? आपा म्हणाली, ओरखडे तसेच ठेवूया. हा आपल्या घरचा इतिहास आहे. कुठल्या पुस्तकात येणार नाही, निदान पत्र्यावर राहू दे. धाकटा म्हणाला, पुन्हा पांढऱ्या अक्षरांत लिहून घेऊ, आता कसली भीती? त्यावर आमच्यात वेगळाच वाद झाला. ७८६ लिहिणं दुरुस्त आहे का, बिस्मिल्लाहच्या जागी आकडे लिहायला दीनमध्ये आधार आहे का, हा वाद आजकाल प्रत्येक घरात आहे, तो आमच्याही घरात आहे. अब्बांच्या पिढीला तो ठाऊकच नव्हता. त्यांना आकडे पुरेसे होते. आणि ते खरवडताना त्यांना जे वाटलं असेल ते कुठल्याही फतव्याच्या पलीकडचं असावं.

उस्तादांना विचारलं तर त्यांनी धंद्याचं सांगितलं. उघडा ओरखडा ठेवता येत नाही. गंज थांबत नाही, तो रंगाखालून पसरतो. आज रेघ आहे, पाच वर्षांत भोक होईल. ठेवायचा असेल तरी आधी गंज मारावा लागेल, मग अस्तर, मग रंग. भरायचा असेल तर लांबी. एवढं मात्र खरं की लांबी न भरता नुसता रंग मारला तर ओरखडा दिसत राहील. रंगाचा एक हात केसाहून पातळ असतो. रंग डाग झाकतो, खड्डा झाकत नाही.

आम्ही ठरवेपर्यंत पावसानं ठरवलं. त्या वर्षी मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच पोचला. त्याआधीही महिनाभर सरी चालूच होत्या. एनसी रंग दमट हवेत मारता येत नाही. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका पडतो, भुरी आल्यासारखा. उस्तादांनी गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं औषध लावलं. तपकिरी रेषा काळ्या झाल्या. मग करड्या इपॉक्सी अस्तराचे दोन हात. लाल ऑक्साइडचं अस्तर पाणी पितं, पावसाळाभर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. इपॉक्सी पाणी आत घेत नाही. गाडी पुन्हा ताडपत्रीत गेली. आत करडा डॅश, आणि करड्यात तीन आकडे, आता अगदी स्पष्ट.

जुलैमध्ये एकदा अम्मी खाली आली. आम्ही ताडपत्री वर केली. ती पुढच्या डाव्या सीटवर बसली, जिथं ती नेहमी बसायची. डॅशकडे बघत राहिली. बोटानं आकड्यांवरून रेघ ओढली. मग म्हणाली, “भरून टाका.”

आपा म्हणाली, “अम्मी, अब्बांच्या हाताची निशाणी आहे.”

“निशाणी करायला नव्हते गेले ते,” अम्मी म्हणाली. “आपल्याला वाचवायला गेले होते. त्यांनी जे झाकलं ते तुम्ही लोकांना दाखवणार? गाडीत कुणी बसलं की विचारणार, हे काय, आणि तुम्ही सांगत बसणार. त्यांनी सत्तावीस वर्षांत एकदा तरी सांगितलं का तुम्हाला?”

आम्ही गप्प बसलो. आम्हाला तो इतिहास वाटत होता. तिच्यासाठी ती एका माणसाची लाजलेली रात्र होती. आम्ही तिघंही शिकलेले, आठवण जपली पाहिजे असं मानणारे. पण आठवण कुणाची आहे, हे आम्ही विचारलं नव्हतं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी विचारा. आम्ही ते फक्त रंगाला लागू केलं होतं.

नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी झाली. रंगाच्या जातीचा प्रश्न राहिला होता. हल्ली सगळे पीयू मारतात. दोन भागांचा रंग, हार्डनर मिसळून मारायचा. टणक, ऊन सोसणारा, काचेसारखा चमकणारा. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून त्याचे थेंब हवेत उडतात, फुप्फुसांत जातात आणि कायमचा दमा लागू शकतो. बंद गाडीच्या आत तर ते सरळ माणसाच्या तोंडावर येतात. तोंडाला बांधलेल्या ओल्या रुमालाचा त्यापुढे काही उपयोग नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो आणि तो आमच्या गल्लीत कुणाकडे नाही. आम्ही उस्तादांना म्हटलं, एनसीच मारा. ते हसले. “सस्ता पड़ेगा इसलिए?” आम्ही म्हटलं, तुमच्या खोकल्यासाठी. ते जरा वेळ थांबून म्हणाले की आजवर गिऱ्हाइकानं हे कारण दिलेलं त्यांना आठवत नाही. एनसीचा थिनरही काही गुलाबपाणी नाही. त्यासाठी गाळण्यांचा मुखवटा आम्ही आणून दिला. तो त्यांनी निम्मा वेळ तोंडावर आणि निम्मा वेळ गळ्यात घातला.

तशीही त्या काळच्या गाडीला आत आरशासारखी चकाकी शोभत नाही. डॅश फार चमकला तर दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता दिसत नाही. मंद चमकच हवी.

रंग जुळवायला उस्तादांनी मीटरच्या मागचा नमुना धरला. पांढरा, हिरवा, थेंबभर निळा, थेंबभर काळा. डब्याच्या झाकणावर ठिपका लावायचा, वाळू द्यायचा, मग बघायचं. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाही. बघायचं तेही उन्हात, ट्यूबलाइटखाली नाही, कारण ट्यूबखाली जुळलेले रंग उन्हात भांडतात. अकराव्या ठिपक्याला ते म्हणाले, “आ गया.”

मग लांबी. दोन भागांची, चार-पाच मिनिटांत आवळणारी. उस्तादांनी अस्तर हलकं घासून घेतलं, पत्तीवर थोडीशी लांबी घेतली आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही अम्मीला बोलावून आणलं होतं. ती म्हणाली, भरा. त्यांनी बिस्मिल्लाह म्हटलं आणि पत्ती फिरवली. सात भरला, आठ भरला, सहा भरला. पारशी गृहस्थांची दोन भोकंही पुन्हा भरली, कारण जुनी लांबी सुटली होती. वाळल्यावर ३२० चा पेपर, मग ४००, मग पुन्हा अस्तर, मग ६००. उस्तादांनी डोळे मिटून तळवा फिरवला. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो. मग आम्हा तिघांनाही हात फिरवायला लावला. काही लागलं नाही.

रंगाचे चार हात झाले, पातळ, प्रत्येकामध्ये दहा मिनिटं सोडून. चारही दारं उघडी. चौकटी, खांब, दांडा, डॅश, सगळं एका रंगात आलं. बत्तीस वर्षांत प्रथमच समोरची पट्टी बाकीच्या गाडीसारखी झाली. उस्ताद म्हणाले, कंपनीनंही असाच दिला होता, खाली. रिकामा.

त्या रिकाम्या पट्टीवर काय ठेवायचं यावर आमच्यात अजून एकमत नाही. धाकट्यानं सध्या तिथं काहीच ठेवलेलं नाही. आपा म्हणते, रिकामी पट्टी म्हणजे भीतीच झाली. धाकटा म्हणतो, कंपनीनं दिली तेव्हाही ती रिकामीच होती, तेव्हा कुणाला भीती होती? दोघांचंही पटतं. एवढं मात्र खरं की ज्यानं तिथं तसबीर लावली आणि ज्यानं आकडे लिहिले, त्या दोघांनी ते कुणाला दाखवण्यासाठी केलं नव्हतं. गाडी चालवताना समोर काहीतरी आपलं असावं, एवढंच. आतला रंग घरच्यांसाठी असतो तो असा. बाहेरच्यांनी तो तपासायला आत डोकावू नये, हे खरं मूळ रूप. ते कुठल्याही थिनरनं परत येत नाही.

हे सगळं लिहायचं का, तेही आम्ही या वेळी आधी विचारलं. अम्मीनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, लिहा. आता झाकलं गेलंय, आता लिहायला हरकत नाही. आम्ही लिहायला बसलो तेव्हा ती पुन्हा दारात आली.

“गाडीचा नंबर मात्र लिहू नका.”